डब्लिनचं दार अडवून शॅननला विमानं मिळणार नाहीत

मी आयर्लंडमध्ये लिमरिकला राहते. शॅनन विमानतळ माझ्या घरापासून गाडीने अर्ध्या तासाच्या आत आहे. 3,199 मीटरची त्याची धावपट्टी देशात सर्वांत लांब. तरीही आई मुंबईहून येते तेव्हा मी तिला आणायला बरोबर उलट्या दिशेला, देशाच्या पूर्व किनाऱ्याला, डब्लिनला जाते. मधे आखातात विमान बदलून, दोन बॅगांत गोडा मसाला, मेतकूट आणि माझ्या मुलासाठी चकल्यांचे डबे भरून ती उतरते आणि मग पुढे सुमारे दोनशे किलोमीटरचा रस्ता. गेल्या खेपेला अंधारात लिमरिक जवळ आल्यावर ‘शॅनन’ लिहिलेल्या पाटीवर विमानाचं चित्र बघून तिने विचारलं, “अगं, इथे विमानतळ आहे?” मी म्हटलं, आहे की. “मग आपण तिकडून का आलो?”

या प्रश्नाचं उत्तर शोधताना आयर्लंडमध्ये सध्या चालू असलेला एक मोठा वाद वाटेत येतो. डब्लिन विमानतळावरून वर्षाला किती माणसांनी ये-जा करावी याला सरकारी मर्यादा आहे: 3 कोटी 20 लाख. ती हटवावी की ठेवावी, यावर गेली काही वर्षं कोर्टात, संसदेत आणि दुकानांतल्या गप्पांत भांडण चाललंय. आमच्या पश्चिमेकडच्या भागात बऱ्याच लोकांना वाटतं की मर्यादा राहावी. डब्लिन भरलं की उरलेली विमानं आपसूक शॅनन, कॉर्क आणि नॉककडे वळतील, असा त्यांचा हिशोब आहे. मीही पश्चिमेची रहिवासी आहे, शॅननला विमानं यावीत असं मलाही मनापासून वाटतं. पण तो हिशोब चुकीचा आहे, आणि या देशाने तो एकदा करूनही पाहिला आहे.

आधी तो आकडा आला कुठून ते बघू. 2007 मध्ये आयर्लंडच्या नियोजन मंडळाने डब्लिनच्या दुसऱ्या टर्मिनलला परवानगी दिली, तेव्हा ही अट घातली. तेव्हाची मुख्य काळजी होती विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यांची: इतकी माणसं आली तर मोटारींच्या रांगा लागतील, ही. दुसरं टर्मिनल नोव्हेंबर 2010 मध्ये उघडलं. 2019 मध्येच प्रवासी 3 कोटी 29 लाखांवर गेले. ऑगस्ट 2022 मध्ये उत्तरेकडची नवी धावपट्टी सुरू झाली. म्हणजे सरकारच्या मालकीच्या कंपनीने धावपट्टी बांधली आणि सरकारच्याच एका जुन्या अटीमुळे तिचा पुरता वापर करता येत नाही. रस्त्यांसाठी घातलेली अट आकाशाला लागू झाली. त्या रस्त्यांवरचा खरा उपाय होता रेल्वे. शहरापासून विमानतळापर्यंतच्या मेट्रोची चर्चा या शतकाच्या सुरुवातीपासून चालू आहे, आणि तिला परवानगी मिळाली 2025 मध्ये. आजही डब्लिन विमानतळाला एकही रूळ पोचत नाही.

मर्यादा पाळायची तर उड्डाणांच्या वेळा कमी करायला हव्यात. ते काम आयरिश विमान वाहतूक प्राधिकरणाकडे आहे. त्यांनी 2024 च्या हिवाळ्यासाठी 1 कोटी 44 लाख आसनांची मर्यादा घातली आणि पुढे 2025 च्या उन्हाळ्यासाठीही तसंच केलं. रायनएअर, एअर लिंगस आणि अमेरिकी विमान कंपन्यांची संघटना कोर्टात गेली. नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाने उन्हाळ्याच्या मर्यादेला स्थगिती दिली आणि पुढे मूळ प्रश्न युरोपीय न्यायालयाकडे पाठवला. स्थगितीच्या जोरावर विमानं उडत राहिली, प्रवासी मर्यादेच्या वर गेले. 2025 च्या सुरुवातीला सत्तेवर आलेल्या सरकारने मर्यादा काढण्याचं वचन दिलं आणि पुढे तसा कायदा करण्याचं मंत्रिमंडळाने ठरवलं. गाडी इथवर आली आहे.

आता मला जो मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि ज्यावर सर्वांत कमी बोललं जातं, तो सांगते. विमानतळ भरला की नुकसान कोणाचं होतं? आधीपासून तिथे असलेल्या कंपन्यांचं कमी, नव्याने येऊ पाहणाऱ्याचं सर्वांत जास्त. विमानाला उतरायला आणि निघायला ठरलेली वेळ लागते, तिला स्लॉट म्हणतात. युरोपात 1993 पासून नियम असा आहे की एखाद्या कंपनीने हंगामात आपले स्लॉट 80 टक्के वापरले, तर पुढच्या वर्षी त्याच हंगामात ते पुन्हा तिलाच मिळतात. उरलेल्या किंवा नव्याने तयार झालेल्या स्लॉटांतला निम्मा वाटा नव्या कंपन्यांना आधी देऊ करायचा असतो. नियम वाचायला चांगला आहे. पण विमानतळ भरलेला असेल तर वाटायला उरतंच काय? शून्याचा निम्मा शून्यच. मुंबईत राहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्यांमुळे एका वेळी एकच नीट वापरता येणाऱ्या त्या विमानतळावर सकाळचा स्लॉट म्हणजे दादरला रस्त्यालगतचा गाळा. एकदा हातात आला की कोणी सोडत नाही.

डब्लिनमधून जाणाऱ्या प्रवाशांपैकी मोठा भाग दोनच कंपन्या नेतात: रायनएअर आणि एअर लिंगस. मर्यादेमुळे या दोघींना वाढता येणार नाही हे खरं आहे, आणि म्हणून त्या कोर्टात गेल्या. पण मर्यादेमुळे त्यांच्या शेजारी तिसरं कोणी येऊन उभंही राहू शकत नाही. आसनं मोजकी आणि माणसं वाढती, मग तिकीट महाग होणारच. तो वाढीव पैसा सरकारकडे जात नाही, शॅननला जात नाही, विमानतळाच्या कुंपणाला लागून राहणाऱ्यांच्या घराला आवाज रोखणाऱ्या खिडक्या बसवायलाही जात नाही. ज्यांच्याकडे स्लॉट आहेत त्यांच्या खिशात जातो.

स्पर्धा नसली की काय होतं हे आयर्लंडइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक असेल असं मला वाटत नाही. हे बेट आहे. इथून बाहेर जायचं तर विमान नाहीतर बोट. 1980 च्या दशकाच्या मध्यापर्यंत डब्लिन ते लंडन हा मार्ग एअर लिंगस आणि ब्रिटिश एअरवेजने आपसात वाटून घेतला होता, आणि परतीच्या प्रवासासकट भाडं 200 पौंडांच्या वर होतं. बेकारीमुळे लंडनला जाणारी पोरं म्हणून डन लेरीहून रात्रीची बोट धरत, वेल्समध्ये होलीहेडला उतरत आणि तिथून पहाटेच्या गाडीने लंडनमधलं यूस्टन गाठत. आमच्या शेजारच्या आजोबांनी असा प्रवास केला आहे. बोटीच्या कठड्यापाशी उभी राहिलेली, बंदराचे दिवे दिसेनासे होईपर्यंत आत न जाणारी माणसं ते अजून वर्णन करतात. नाताळला घरी यायचं की नाही, हे तेव्हा पगार ठरवत असे.

1984 मध्ये तर सरकारने असं विधेयक आणलं की मंजूर भाड्यापेक्षा स्वस्तात तिकीट विकणाऱ्याला दंड आणि तुरुंगवास व्हावा. स्वस्त तिकीट विकल्याबद्दल तुरुंग! डेसमंड ओमॅली यांच्यासारख्या मोजक्या लोकप्रतिनिधींनी त्याला कडाडून विरोध केला. पुढच्याच वर्षी वॉटरफर्डहून लंडनच्या गॅटविकला 15 आसनांचं एक छोटं विमान उडू लागलं. ती रायनएअर. 1986 मध्ये तिला डब्लिन ते लंडनजवळचं लूटन असा परवाना मिळाला आणि तिने परतीचं भाडं ठेवलं 95 पौंडांच्या आत. जुन्या कंपन्यांनी लगोलग आपली भाडी उतरवली, आणि दोनेक वर्षांत त्या मार्गावरचे प्रवासी जवळपास दुप्पट झाले. ही माणसं आकाशातून पडली नव्हती. ती आधीही होती, बोटीवर होती, नाहीतर घरीच बसून होती.

म्हणून मर्यादेचं समर्थन करणाऱ्या माझ्या शेजाऱ्यांना मी शॅननचीच गोष्ट सांगते. दुसऱ्या महायुद्धानंतर अटलांटिक ओलांडणारी विमानं इथे इंधन भरायला उतरत. 1947 मध्ये ब्रेंडन ओ’रेगन यांनी इथे जगातलं पहिलं ड्यूटी-फ्री दुकान काढलं, 1959 मध्ये औद्योगिक मुक्त क्षेत्र आलं. पण जेट विमानांना मधे थांबायची गरज उरली नाही, तेव्हा सरकारने गरजेच्या जागी सक्ती आणली. अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या विमानाने शॅननला उतरलंच पाहिजे. डब्लिनचा माणूस न्यूयॉर्कला निघाला की आधी थोड्याच वेळात शॅननला उतरायचा, तासभर बसायचा आणि मग खरा प्रवास सुरू व्हायचा. 1993 मध्ये ही सक्ती सैल झाली आणि 2008 मध्ये युरोप-अमेरिका खुल्या आकाशाच्या कराराने संपली.

सक्ती संपल्यावर काय उरलं? 2007 मध्ये शॅननहून सुमारे 36 लाख प्रवासी गेले-आले होते. 2012 मध्ये ते 14 लाखांच्या आसपास होते. त्यात जागतिक मंदीचा वाटा मोठा आहे. 2009 मध्ये सरकारने लावलेल्या 10 युरोंच्या विमान प्रवास कराचाही आहे, जो शेवटी 2014 मध्ये पूर्ण काढावा लागला. पण इतकी मोठी घसरण एक गोष्ट दाखवतेच: त्यांतली बरीच विमानं शॅननसाठी येत नव्हती, कायद्यासाठी येत होती. सक्तीच्या त्या वर्षांत शॅननने स्वतःचे मार्ग उभे करायला शिकायचं ते राहून गेलं. ते शिकणं खऱ्या अर्थाने सुरू झालं 2013 मध्ये, शॅनन डब्लिनच्या कंपनीपासून वेगळं काढून स्वतःच्या पायावर उभं केलं तेव्हा. आज ते पुन्हा 20 लाखांच्या पुढे आहे. हे प्रवासी कुणी ढकलून आणलेले नाहीत.

नॉकची गोष्ट त्याहून बोलकी. मेयो परगण्यात, चार्ल्सटाउनजवळच्या दलदलीच्या टेकडीवर मॉन्सिन्यॉर जेम्स होरान नावाच्या कॅथलिक धर्मगुरूने विमानतळ काढायचं ठरवलं. एका सरकारने पैसे दिले, दुसऱ्याने मधेच बंद केले. धुकं आणि चिखल, तिथे विमान कोण उतरवणार, अशी डब्लिनमध्ये टवाळी झाली. होरान यांनी उरलेले पैसे लॉटरी काढून आणि परदेशातल्या आयरिश लोकांकडे झोळी पसरून जमवले. मे 1986 मध्ये विमानतळाचं रीतसर उद्घाटन झालं. ऑगस्टमध्ये फ्रान्समधल्या लूर्दच्या यात्रेत होरान वारले आणि त्यांचा देह आपण बांधलेल्या धावपट्टीवर घरी आला. आज तिथून वर्षाला आठ लाखांहून जास्त माणसं ये-जा करतात. मँचेस्टर, लिव्हरपूल, बर्मिंगहॅम, लूटन, सगळी मेयोच्या पोरांनी बांधकामाला आणि नर्सिंगला गेलेली गावं. त्या टेकडीला डब्लिनची मर्यादा लागली नाही. तिला दुरावलेल्या कुटुंबांची ओढ पुरली.

याउलट गॉलवे आणि स्लायगो. डब्लिनपर्यंतचे रस्ते सुधारले, सरकारी अनुदानाचं विमान थांबलं, आणि 2011 मध्ये दोन्हीकडची नियमित उड्डाणं संपली. गॉलवेहून डब्लिनला अडीच तासांत गाडीने जाता येत असेल तर तिथे विमान चालवायचा हट्ट कशाला? मला त्याचं दुःख वाटत नाही. डॉनेगलचं मात्र वेगळं आहे. देशाच्या वायव्य कोपऱ्यातल्या त्या परगण्यात रेल्वे नाही, रस्ता लांबचा आणि वळणावळणाचा. कर्करोगाच्या उपचारांना डब्लिनला जाणारे पेशंट त्या छोट्या विमानातून जातात. तिथे सरकार निविदा काढून, ठरावीक मुदतीसाठी, उघड अनुदान देतं आणि ते द्यायलाच हवं. केरीलाही असंच अनुदान होतं. 2021 मध्ये ती सेवा चालवणारी कंपनी बुडाली, रायनएअरने तोच मार्ग अनुदानाशिवाय चालवायला घेतला आणि सरकारी पैसा वाचला. मदत गरजेपुरती असावी आणि गरज संपली की थांबावी. उडान योजनेत आपल्याकडे नांदेड, जळगाव, कोल्हापूरला विमानं आली तेव्हा तिथल्या लोकांना किती आनंद झाला होता. पण देशभर त्या योजनेतले कितीतरी मार्ग तीन वर्षांचं अनुदान संपताच बंदही पडले. म्हणून मार्ग निवडतानाच बघायला हवं की तिथे खरी गरज किती लोकांना आणि कशासाठी आहे.

तर मग शॅननला काय हवं? माझ्या मते एका मोठ्या जंक्शनशी सकाळ-संध्याकाळची भरवशाची जोडणी. लंडनच्या हीथ्रोला इथून विमान आहे, पण त्यावर विसंबणं किती नाजूक असतं हे इथल्या लोकांनी भोगलं आहे. 2007 मध्ये एअर लिंगसने शॅनन-हीथ्रो सेवा बंद करून ते स्लॉट बेलफास्टला वळवायचं जाहीर केलं, तेव्हा इथले कारखानदार आणि लोकप्रतिनिधी खवळून उठले. काही काळाने सेवा परत आली. 2015 मध्ये सरकारने एअर लिंगसमधला आपला 25.1 टक्के वाटा विकला, तेव्हा सर्वांत मोठी झुंज याच हीथ्रोच्या स्लॉटांवरून झाली आणि काही वर्षांची हमी घेऊनच विक्री झाली. युरोपीय नियमांत दूरच्या भागांसाठी निविदा काढून मार्ग चालवायची सोय आहे. तीच वापरून शॅननहून युरोपच्या मुख्य भूमीवरच्या एखाद्या जंक्शनला रोजची दोन उड्डाणं तीन-चार वर्षांसाठी निविदेने द्या. माझी आई त्या विमानाने येईल, आणि इथल्या वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यांतले इंजिनिअरही. शिवाय 2024 च्या रेल्वे आढाव्यात शॅननला रूळ न्यायची शिफारस आहे, ती कागदावर राहू देऊ नका.

स्पर्धेबद्दल बोलताना विमान कंपन्यांचं सगळंच मान्य करायचं असं मात्र नाही. मर्यादेविरुद्ध सर्वांत मोठा आवाज मायकेल ओ’लिअरी यांच्या रायनएअरचा आहे. याच कंपनीने 2006, 2008 आणि 2012 असा तीनदा एअर लिंगस गिळायचा प्रयत्न केला. युरोपीय आयोगाने तो 2007 आणि 2013 मध्ये नाकारला. दुसऱ्या नकाराच्या वेळी आयोगाने दाखवून दिलं की 46 मार्गांवर स्पर्धा संपली असती. तो नकार योग्यच होता. उद्या मर्यादा उठली आणि नवे स्लॉट पुन्हा याच दोघींच्या पदरात पडले, तर प्रवाशाच्या हाती काय लागणार? नव्या कंपन्यांसाठीचा निम्मा वाटा प्रत्यक्षात मिळतो की नाही, यावर प्राधिकरणाने डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायला हवं.

विमानतळांचीही आपसात स्पर्धा हवी. डब्लिन आणि कॉर्क आजही एकाच सरकारी कंपनीच्या हाती आहेत. 2004 च्या कायद्यात तिन्ही विमानतळ वेगळे करायची तरतूद होती, वेगळं झालं एकटं शॅनन. एकच मालक दोन दुकानं चालवत असेल तर तो एका दुकानाचं गिऱ्हाईक दुसऱ्याने पळवावं म्हणून भाव उतरवणार नाही. मुंबईचा जुना विमानतळ आणि नवी मुंबईचा नवा, दोन्ही एकाच उद्योगसमूहाकडे गेले तेव्हा मला हाच प्रश्न पडला होता. गोव्यात दाभोळी सरकारकडे आणि मोपा खासगी कंपनीकडे असल्याने तिथे निदान दोघांना एकमेकांकडे बघून वागावं लागतं.

डब्लिन विमानतळालगतच्या सेंट मार्गारेट्स भागातल्या लोकांना मी विसरलेले नाही. नवी धावपट्टी सुरू झाल्यावर विमानं ज्या दिशेने जातील असं त्यांना सांगितलं होतं, त्यापेक्षा वेगळ्याच दिशेने त्यांच्या छपरांवरून जाऊ लागली. पहाटे पोर दचकून उठतं तेव्हा वर्षाचा आकडा 3 कोटी 20 लाख आहे की 4 कोटी, याने त्या आईला फरक पडत नाही. तिला फरक पडतो रात्री किती विमानं गेली आणि ती किती आवाज करत गेली याने. त्यामुळे रात्रीच्या आवाजाची कडक मर्यादा हवीच, मोडली तर दंड हवा आणि तो पैसा त्याच घरांच्या खिडक्यांवर खर्च व्हायला हवा. तीच गोष्ट हवामानाची. युरोपातल्या उड्डाणांना कार्बनचे परवाने विकत घ्यावे लागतात, पण विमानाच्या इंधनावर माझ्या गाडीच्या पेट्रोलसारखा कर नाही. तो सगळीकडे एकदम लावा, मी जास्त पैसे देईन. एकट्या डब्लिनला कुलूप लावलं तर माणूस उडायचा थांबत नाही. तो दोन तास गाडी चालवून सीमेपलीकडे बेलफास्टला जातो, किंवा कंपनी आपलं विमान मँचेस्टरला नेऊन ठेवते.

मर्यादा काढणारा कायदा डब्लिनच्या संसदेत चर्चेला येईल तेव्हा पश्चिमेकडच्या सदस्यांनी त्याला आडवं जाऊ नये. त्यांनी त्याच कायद्यासोबत तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: रात्रीच्या आवाजाची मर्यादा, कॉर्कचं वेगळं व्यवस्थापन, आणि शॅननहून युरोपातल्या जंक्शनच्या निविदेची तारीख.